साडूंचं एकच गाणं

एका गाण्याच्या पायी एक माणूस किती माणसांना दमवू शकतो याची कुठे नोंद होत असेल, तर पहिला क्रमांक माझ्या साडूंचा लागेल, आणि त्यांनी दमवलेल्या माणसांत पहिला क्रमांक माझा. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रार करायलाही थोडी ताकद लागते, आणि चंदीगडला बदली होऊन आलो तेव्हा ती माझ्यात उरली नव्हती. त्याआधी भोपाळ, त्याआधी गुवाहाटी, त्याआधी आणखी कुठे कुठे सरकारी खुर्च्या उबवून, पन्नाशी ओलांडून, गुडघे कुरकुरायला लागल्यावर मी या चौकोनी शहरात येऊन पडलो. बायको मात्र खुशीत होती, कारण तिची थोरली बहीण लग्न झाल्यापासून इथेच राहत होती. "आता तुम्हालाही इथे आपलं माणूस मिळेल," ती म्हणाली. आपलं माणूस म्हणजे साडू. साडू हे नातं मोठं मजेशीर असतं. दोन माणसांनी एकमेकांना न विचारता दोन बहिणींशी लग्नं केली, एवढ्या आधारावर त्यांनी जन्मभर एकमेकांशी गोडीनं वागायचं.

पहिल्याच रविवारी आम्ही त्यांच्या सेक्टर अडतीसमधल्या घरी जेवायला गेलो. जून महिना होता. दार उघडून त्यांनी "या, ऑडिट!" असं माझं स्वागत केलं. मी सेक्टर सतराच्या कचेरीत हिशेब तपासतो, म्हणून मी ऑडिट. माझं नाव त्यांनी त्यानंतरही कधी घेतलं नाही. पाणी यायच्या आत त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध ठेवलेल्या खुर्चीत बसवलं आणि पंखा बंद केला. मला वाटलं, वीज वाचवत असतील. पण ते म्हणाले, "पंख्याला स्वतःचा एक सूर असतो. तो या गाण्याच्या आड येतो." मग त्यांनी गाणं लावलं. ते संपल्यावर तेच गाणं दुसऱ्या कुणाच्या आवाजात लावलं. मग तिसऱ्या. माझ्या सदऱ्याचा रंग बदलेपर्यंत हे चाललं आणि शेवटी माझ्याकडे वळून, परीक्षा घेणाऱ्या मास्तरांच्या सुरात त्यांनी विचारलं, "बोला. झाडाची काळजी कुणाला आहे?"

गाणं परदेशी आहे, जुनं आहे. धाटणी लोकगीताची, पण मागे गिटार आणि ड्रम वाजतात. एक माणूस गाव सोडून निघालाय आणि जाता जाता शेजाऱ्याला सांगतोय, की माझ्या परसातल्या झाडाला तेवढं पाणी घालत जा. पुढच्या कडव्यांत तो हेच पुन्हा पुन्हा वेगळ्या तऱ्हेनं सांगतो आणि शेवटच्या कडव्यात त्याच्या लक्षात येतं, की घर भाड्याचं होतं, तेव्हा झाडही आपलं नव्हतंच. बस, एवढंच गाणं. साडूंनी ते इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात असताना कुणाच्या तरी घासलेल्या कॅसेटवर पहिल्यांदा ऐकलं. त्या वेळी त्यांना इंग्रजी धड समजत नव्हतं, आणि मिरजेच्या बाजूच्या खेड्यातून आलेल्या त्या मुलाला सगळ्या गाण्यातला 'पाणी' हा एकच शब्द कळला, असं ते स्वतःच सांगतात. तेव्हापासून ज्यांनी ज्यांनी म्हणून ते गाणं पुन्हा गायलं, त्या सगळ्यांचा पिच्छा त्यांनी पुरवला. आधी कॅसेटी, मग सीड्या, आणि आता फोनवर तर जगातला कुठलाही माणूस अंघोळीनंतर गाणं म्हणून टाकून देतो, त्यामुळे साडूंच्या कामाला अंत राहिलेला नाही.

यात त्यांच्या नोकरीचाही हात असावा. सेक्टर तीसमधल्या वैज्ञानिक उपकरणांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हयात घालवली, आणि निवृत्त झाल्यावरही डेराबस्सीच्या औषधांच्या कारखान्यांतून त्यांना काटे, थर्मामीटर, दाबमापकं तपासायला बोलावतात. एक प्रमाण धरायचं आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. तायडीनं, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, वाढलेल्या भाताचे दोन ढीगसुद्धा ते कोणता किती कललाय हे बघून मगच कालवतात. गाण्यातही त्यांना मूळ गाणं हेच प्रमाण. "हा मूळपेक्षा अर्धा सूर वर गेलाय," ते सांगत. "वर जायला हरकत नाही, पण का गेलास ते सांग." गाणारा कुठे श्वास घेतो यावर त्यांचा फार जीव. 'पाणी' या शब्दाच्या आधी घेतला तर माणूस खरा, नंतर घेतला तर नाटकी. एका नामांकित गायिकेला त्यांनी एवढ्यावरून घरातून कायमची बाद केली. "ही बाई झाडाला पाणी घालायला सांगत नाहीये," ते म्हणाले, "ही विजेचं बिल भरायला सांगतेय."

एका जाझवाल्यानं शब्दाशब्दांत इतकं अंतर ठेवलं होतं, की मधल्या वेळात मी दोनदा झोपून उठलो. साडू म्हणाले, "ह्याचं झाड वाळलं." एका चर्चमधल्या पोरांनी ते समूहानं गायलं होतं. त्यावर त्यांचं मत, "एवढी माणसं आहेत तर कुणीतरी मागं राहून पाणी घाला की!" लुधियान्याच्या एका टोळक्यानं त्यात ढोल घातला होता. मला वाटलं, आता साडू स्पीकर फोडतात. पण त्यांनी पूर्ण ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "हे झाडाला पाणी घालत नाहीत, झाडाभोवती नाचतायत. पण नाचतायत मनापासून. असू दे." तो ढोल ऐकून खालच्या मजल्यावरचे सरदारजी, जे एरवी साडूंना जिन्यात बघून दाराची कडी लावून घेत, ते स्वतःहून वर आले आणि ढोलवाली आवृत्ती पुन्हा लावा जी म्हणाले. त्या दिवशी साडू जितके आनंदात होते, तितके आनंदात मी त्यांना क्वचितच पाहिलं.

माझी बायको या भानगडीत पहिल्याच महिन्यात फसली. साडूंनी फोनवर सांगितलं, "नवीन कव्हर आलंय, बघायला या." बायकोला वाटलं सोफ्याचं. ती आपल्याही सोफ्याचं माप घेऊन गेली आणि नॉर्वेच्या कुठल्याशा माणसानं पुन्हा गायलेलं तेच गाणं, म्हणजे साडूंचं 'कव्हर', ऐकून परत आली. मराठी मंडळातली माणसं तर त्यांच्याकडे कोजागिरीचं आमंत्रण द्यायलाही जोडीनं जात, म्हणजे एकाला खुर्चीत बसवलं तर दुसऱ्याला काहीतरी काम आठवता यावं. एक निवृत्त कर्नल, ज्यांनी उभं आयुष्य सरहद्दीवर काढलं, ते एकदा एकटेच गेले आणि साडू मधे पाणी प्यायला उठल्यावर चपला हातात घेऊन निघून आले. "माघार घ्यायची नाही असं शिकवलं होतं आम्हाला," कर्नल मला म्हणाले, "पण साहेब, तिथे पंखा बंद होता."

साडूंची गुण द्यायची एक पद्धत होती आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अगदी टाकाऊ गाण्याला ते "कशाला?" म्हणत. त्याच्या वर "असू दे." त्याच्या वर "ठीक." आणि सगळ्यात वर "बरं." त्यापुढे त्यांच्याकडे शब्दच नव्हता. मी कराडचा, त्यामुळे मला यात वावगं काही वाटलं नाही. आमच्या भागात लग्नातलं जेवण बरं होतं म्हटलं, की आचारी डोळे पुसतो. पण या दोघी बहिणी नाशिकच्या. माझं लग्न झालं तेव्हा पहिल्या दिवशी मी बायकोला आमटी बरी झालीय म्हणालो, तर ती पुढे कितीतरी दिवस माझ्याशी तुटक वागत होती. तायडीचीही कथा तीच असणार. साडू माझ्याजवळ म्हणाले होते, "आपल्याकडचं 'बरं' ह्यांना पोचत नाही, ऑडिट. वाटेत सांडतं." आमच्या दोघांत जो काही स्नेह होता, तो सारा या एका शब्दावर उभा होता म्हटलं तरी चालेल. आणि हे 'बरं' आजवर त्यांनी फक्त मूळ गाण्याला दिलेलं होतं.

म्हणजे असं मला वाटत होतं. मग एका रविवारी मी त्या खुर्चीत बसलेलो असताना, जेरीला येऊन त्यांना म्हणालो, की एवढ्या सगळ्यांतून एकालाही तुमचं बरं मिळू नये? साडूंनी गाणं थांबवलं. "एकाला दिलं," ते म्हणाले. "आमच्या पोराला." मग त्यांनी पंखा लावला आणि जेवायला चला म्हणाले. त्यांनी आपण होऊन पंखा लावलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्यांचा मुलगा बेंगळुरूला कंप्युटरच्या नोकरीत होता. चंदीगडला जन्मला, इथल्याच शाळेत वाढला. मराठी त्याला कळे, पण बोलताना उत्तर हिंदीतून येई. 'आई' एवढा एकच शब्द त्यानं मराठीतला ठेवला होता. बाप पप्पा, आणि मी मौसाजी. गिटार तो बरी वाजवायचा, आणि हे 'बरी' मी आमच्याकडच्या अर्थानं म्हणतोय. मी चंदीगडला यायच्या दोनएक वर्षं आधी त्यानं हेच गाणं स्वतः म्हटलं, फोनवर चित्रित केलं, इंटरनेटवर टाकलं आणि बापाला त्याची लिंक पाठवली. बापाचं मत घेतल्यावर थोड्याच वेळात त्यानं ते काढून टाकलं. त्यानंतर तो गायला नाही. घरी येणं कमी झालं. फोन यायचा तो आईला, आणि साडूंनी मधे बोलायचा प्रयत्न केलाच तर "हाँ जी पप्पा, सब ठीक," एवढ्यात आटपायचा.

तायडीचं म्हणणं, हे सगळं साडूंच्या कंजूष जिभेमुळे झालं. "पोरगं एवढ्या आशेनं विचारतंय, आणि हे म्हणतात बरा!" मटार सोलता सोलता ती माझ्या बायकोला सांगत होती. "दोन शब्द जास्त बोलले असते तर काय जीभ झिजणार होती?" साडू बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "बरा म्हटलं. ह्याच्यावर अजून काय म्हणायचं असतं?" आणि मग आवाज उतरवून, "त्याला कंटाळा आला असेल. नोकरी असते माणसाला." मटाराचं पातेलं भरल्यावर तायडीनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती बायकोनं मला परतताना गाडीत सांगितली. साडू रोज सकाळी फोनवर जी नवी नवी कव्हरं शोधत बसतात, ती काही शौक म्हणून नाही. कुणी अनोळखी मुलगा तोंड न दाखवता, नुसती गिटार दाखवून गाताना दिसला, की ते ऐकतात. न जाणो, पोरगं दुसऱ्या नावानं कुठेतरी गात असेल. त्याला आपल्याला सांगायचं नसेल, पण गात असेल. ऐकून झालं की म्हणतात, "ह्यो नव्हं," आणि पुढचं लावतात.

गाडी घरापाशी आली तरी मी उतरलो नाही. मला त्या माणसाचा फार कंटाळा यायचा हे खरं आहे, आणि त्या दिवशी त्याची कणव आली हेही खरं आहे. पुढच्या रविवारपासून मी खुर्चीत गुमान बसू लागलो. पण आपण तरी काय करणार? पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरातला अबोला उचलायची उभारी नसते. मी फक्त कव्हरं ऐकली.

जानेवारीत तायडीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि त्यासाठी मुलगा यायला तयार झाला. आईचे डोळे म्हटल्यावर त्याला नाही म्हणता आलं नाही. धुक्यानं विमान एक दिवस रखडलं आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला. ऑपरेशन आदल्याच दिवशी पार पडलं होतं. साडूंनी घरी तायडीजवळ थांबावं आणि मी विमानतळावर जावं, असं माझ्या बायकोनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मी अर्धी रजा टाकून गेलो. मुलगा वाकून नमस्कार करून शेजारी बसला. वजन उतरलं होतं. थोडा वेळ आईच्या डोळ्यांबद्दल बोललो, मग त्याच्या ऑफिसबद्दल, मग धुक्याबद्दल, आणि सगळे विषय संपल्यावर मी सरळच विचारलं, "गिटार आणली नाहीस?"

"छोड़ दिया, मौसाजी."

"का रे?"

तो हसला. "पप्पा ने मना कर दिया ना."

"मना? ते तर बरा म्हणाले तुला."

"नहीं यार मौसाजी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "मैंने फोन पे पूछा, पप्पा, कैसा है? बोले, बुरा है. और फोन आई को पकड़ा दिया. दुनिया भर के वर्जन सुने हैं उन्होंने. उनको नहीं पता होगा तो किसको पता होगा? बुरा है तो बुरा है."

मी चौकातल्या गोल चक्करात शिरलो होतो. "नक्की काय म्हणाले? त्यांचे शब्द सांग."

"यही. बुरा है."

"'बुरा है' असं म्हणाले? हिंदीत?"

"पप्पा हिंदी ऐसे ही बोलते हैं ना, थोड़ा टेढ़ा."

मला बाहेर पडायचा रस्ता सोडून मी त्या चक्कराला पुन्हा फेरा घातला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. मी कराडचा माणूस आहे, आणि माझ्या डोक्यात काहीतरी हळूहळू उजाडत होतं. साडू एरवी बायकोकडून शिकलेलं नीट मराठी बोलत, 'आहे' आणि 'नाही'वालं. पण आतून हलले, की चाळीसेक वर्षांपूर्वी गावाकडे ठेवून आलेली भाषा वर यायची. ते 'ह्यो नव्हं' मला आठवलं. मी गिअर बदलला, घसा साफ केला आणि आमच्या भागातला म्हातारा बोलेल तसं म्हणालो, "बरा हाय."

मुलगा माझ्याकडे वळला. "हाँ. यही. एक्झॅक्टली ऐसे."

"अरे," मी म्हणालो, "ते बुरा है नाही. ते बरा आहे. बरा म्हणजे अच्छा. आणि हाय म्हणजे है. आमच्याकडे असं म्हणतात."

त्याला पटेना. एवढ्या वर्षांत त्यानं बापाच्या तोंडून 'हाय' ऐकलंच नव्हतं. मग मी त्याला सगळं सांगितलं: ती गुण द्यायची पद्धत, मूळ गाण्याखेरीज तो शब्द कुणालाच न मिळालेला, लग्नातला आचारी, माझ्या बायकोची आमटी. आणखी एक गोष्ट मला बोलता बोलता सुचली आणि तीही सांगितली, की गाण्याबद्दल बोलायचं तर आपण 'बरं' म्हणतो. पण पोरानं हिंदीत 'कैसा' विचारलं, म्हणून बापानं त्याला कळावं या हेतूनं 'बरा' केलं. पोराच्या सोयीसाठी त्यानं आपलं व्याकरणसुद्धा वाकवलं, आणि तिथेच घात झाला. आता मुलगा हसायला लागला. खूप हसला, मग खिडकीकडे तोंड करून बसला. "तीन साल, मौसाजी," तो म्हणाला. मी चक्करातून बाहेर पडलो.

दार साडूंनीच उघडलं. "फ्लाइट लेट झाली," ते म्हणाले. "हाँ पप्पा." तायडी काळा चष्मा लावून आत पलंगावर बसली होती, तिला भेटून मुलगा बाहेर आला आणि बूट न काढताच बापासमोर उभा राहिला. "पप्पा, वो मेरा गाना. मुझे सुनाई दिया कि आपने बोला, बुरा है."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ते हळूच खाली बसले, खुर्ची आहे की नाही हे न बघता, आणि सुदैवानं ती होती. "बुरा?" ते म्हणाले. "म्या? तुला?" मुलगा म्हणाला, "बरा मतलब कितना अच्छा, पप्पा?" साडू म्हणाले, "बरा म्हंजे... अरे बरा म्हंजे बरा!"

"ते आता कुठे आहे? लाव की," मी मधेच म्हणालो. मुलानं मान खाली घातली. त्यानं ते सगळीकडून पुसून टाकलं होतं, फोनवरून, कंप्युटरवरूनही. आणि साडूंनी ते इंटरनेटवरच ऐकलं होतं, उतरवून घेतलं नव्हतं. म्हणजे जमवलेल्या सगळ्या कव्हरांत जे एक त्यांना हवं होतं, ते आता जगात कुठेच नव्हतं. मला वाटलं, आता हा माणूस कोसळतो. पण साडूंनी मान वर केली. "पहिल्या कडव्यात तू घाई केलीस," ते म्हणाले. "गिटारीची वरची तार किंचित उतरलेली होती, ती तशीच ठेवलीस ते ब्येस केलंस. दुसऱ्याच्या आधी थांबलास. मागं कुणाच्यातरी कुकरची शिट्टी झाली, तर तू हसू दाबलंस, ते आवाजात कळतंय." ते बोलत राहिले. कुठे त्यानं स्वर सोडला, कुठे धरला, पाणी म्हणायच्या आधी कसा श्वास घेतला. "मूळचा गडी पाणी घाल म्हणतो तवा मला त्यो माणूस दिसतो," साडू म्हणाले. "तू म्हणलास तवा मला झाड दिसलं." मुलगा जमिनीवर त्यांच्या पायाशी बसला होता आणि मोठ्यानं रडत होता, मोठा झालेला माणूस रडतो तसा, लाजत. आतून तायडी ओरडली, "अरे मला रडायचं नाही सांगितलंय डॉक्टरांनी, जरा माझा विचार करा!" आणि तीही रडत असणार हे तिच्या आवाजावरून समजत होतं. मी आणि माझी बायको स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी हलवत बसलो.

वर्षभरानं माझी नागपूरला बदली झाली. साडू स्टेशनवर सोडायला आले, फलाटावर उभं राहून त्यांनी मला फिनलंडची कुठली तरी बाई कानाला फोन लावून ऐकवली, आणि गाडी सुटली तेव्हा मला दमल्यासारखं झालं, पण नेहमीसारखं नाही. नागपूरला रविवार मोकळे असतात. पंखा सुरू असतो. कुणी मला काही ऐकवत नाही आणि माझं मत विचारत नाही, आणि या गोष्टीची मला चुटपुट लागेल असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

परवा फोन केला तर तायडीनं उचलला. "थांबा," ती म्हणाली, "लेकाशी बोलणं चाललंय. त्यानं नवीन काहीतरी म्हणून पाठवलंय." मागून साडूंचा आवाज येत होता, एकेक शब्द सुटा सुटा करून, मिरजेकडच्या हिंदीत, "बहुत अच्छा है, बेटा. सच्ची. बहुत अच्छा है." तायडी म्हणाली, "आता असंच सांगतात. आधी माझ्यासमोर म्हणून बघतात, नीट कळतंय का." मला बरं वाटलं, आणि लगेच कसंतरीही झालं. एवढा जपून ठेवलेला शब्द त्या माणसानं पोरासाठी मुकाट्यानं खाली ठेवून दिला होता. मग साडू फोनवर आले.

"काय साडूभाऊ," मी म्हणालो, "आता हिंदीत?"

"त्याला समजलं पायजे ना, ऑडिट. एकदा गेली तीन वर्सं. पुन्यांदा नको."

"आणि आपलं 'बरा'?"

"त्यो आता तुमच्या-माझ्यापुरता हाय."

"बरं," मी म्हणालो.